रँकच्या आधी प्रकार विचारा

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारची उच्च शिक्षण संस्थांची एनआयआरएफ क्रमवारी जाहीर झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला एकाच दिवशी तीन क्रमांक मिळाले. सर्वसाधारण यादीत ९१, विद्यापीठांच्या यादीत ५६ आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या यादीत ११. तिन्ही आकडे खरे आणि तिन्ही सरकारचेच. कुणी ९१ वर बोट ठेवून विद्यापीठाची घसरण सांगितली तरी ते खरं, आणि कुणी ११ सांगून पाठ थोपटून घेतली तरी तेही खरं. पहिल्या यादीत आयआयटी, एम्स, मोठमोठी विद्यापीठं सगळी एका रांगेत उभी असतात. दुसऱ्या यादीत केंद्रीय, राज्याची, खासगी, अभिमत अशी सगळी विद्यापीठं. तिसरीत फक्त राज्य सरकारांची. रांगेत कोण उभं आहे हे कळल्याशिवाय नंबर कळत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं.

मी तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर जून-जुलैला बार्शीत, घराच्या ओट्यावर, ओळखीपाळखीच्या मुलांचे अभियांत्रिकी प्रवेशाचे पसंतीक्रम भरून देतो. येणाऱ्या प्रत्येक पालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, त्या कॉलेजचा रँक कितवा?" मी म्हणतो, आधी ते कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा. प्रकारावर तुमची फी ठरते, शिष्यवृत्ती ठरते, पेपर कोण काढणार ते ठरतं, पदवीच्या कागदावर कुणाचं नाव येणार ते ठरतं. रँकवर यातलं काहीच ठरत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील दूध संकलन केंद्र चालवतात. मुलीला मेकॅनिकल हवं होतं, आणि तिला ते का हवंय हे नीट सांगता येत होतं. घरच्या दूध थंड करायच्या यंत्राचा कॉम्प्रेसर तिने दोनदा उघडून बघितला होता. वडिलांच्या मोबाईलमध्ये एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटो होता. एका कॉलेजची जाहिरात. त्यावर ठळक अक्षरांत तीन ओळी: 'नॅक ए प्लस प्लस', 'एनआयआरएफ रँक २०१', '९० टक्के प्लेसमेंट'. (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करून दर्जा देणारी संस्था.) शिवाय एका खासगी विद्यापीठातून त्यांना रोज फोन येत होता. सीट आत्ताच बुक करा, कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीची, वाट बघू नका, नंतर जागा राहणार नाही, असं. वडील घाबरले होते. चाळीस हजार भरायला ते तयार होते.

आम्ही आधी ते विद्यापीठ बघितलं. महाराष्ट्रात कॉलेजांचे जे दर्जे आहेत, त्यांचा अर्थ बारावीपर्यंत कुणी मुलांना सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. संलग्न कॉलेज असेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवी विद्यापीठाची. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या, पदवी मात्र विद्यापीठाचीच. अभिमत विद्यापीठ हे १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली घोषित होतं, त्याची पदवी त्याची स्वतःची. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने उभं राहतं, त्याचीही पदवी स्वतःची. दर्जा बदलतोही. पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी कॉलेज १८५४ पासूनचं. अनेक वर्षं ते पुणे विद्यापीठाशी संलग्न होतं, पुढे स्वायत्त झालं आणि २०२२ मध्ये स्वतःच विद्यापीठ झालं. आवार तेच, पण आता प्रवेश घेणाऱ्याच्या पदवीवरचं नाव वेगळं.

पैशाच्या बाजूने दुसरी वाटणी आहे: शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि राज्यात अभियांत्रिकीच्या जागांचा चेहरामोहरा बदलला. आज खेड्यापाड्यातली बहुसंख्य मुलं याच कॉलेजांत शिकतात. या कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती जाहीर असते. आता त्या मुलीच्या दृष्टीने कळीची गोष्ट. ती इतर मागासवर्गीय, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं, अगदी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी, विद्यापीठं त्या शासन निर्णयातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. फोनवरच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. चाळीस हजार तर नुसते सीट धरायचे होते, पुढे चार वर्षं पूर्ण फी भरावी लागली असती.

इथे 'अभिमत' हा शब्द दिसला की पळ काढायचा, असंही करू नये. मुंबईची रसायन तंत्रज्ञानाची संस्था आयसीटी, म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ ची. २००८ पासून ती अभिमत आहे, पण ती शासकीय परंपरेतली संस्था आहे आणि तिथला प्रवेश केंद्रीय फेरीतून होतो. संस्था कुणाची आहे, फी कोण ठरवतं, प्रवेश कुठून होतो, हे तीन प्रश्न विचारले की प्रकार उलगडतो. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेचंही तसंच. तिथे जातीनिहाय आरक्षण लागू नसतं, काही जागा त्या त्या समाजासाठी राखीव असतात, त्यामुळे तिथला कटऑफ शेजारच्या कॉलेजच्या कटऑफशी लावून बघण्यात अर्थ नसतो. दरवर्षी दोन-तीन घरं या एका गोष्टीमुळे पसंतीक्रम चुकीचा लावतात.

मग आम्ही फ्लेक्सकडे वळलो. 'एनआयआरएफ रँक २०१.' मी मुलीलाच यादी उघडायला लावली. अभियांत्रिकीच्या यादीत पहिल्या शंभरांना क्रमांक असतो. त्यापुढे पट्टे असतात: १०१ ते १५०, १५१ ते २००, २०१ ते ३००. पट्ट्यातली नावं इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने छापलेली असतात, गुणांच्या क्रमाने नव्हे. त्या कॉलेजचं नाव शेवटच्या पट्ट्यात होतं, म्हणजे ते २०१ वं असेल किंवा ३०० वं. कितवं ते कुणालाच माहीत नाही, खुद्द कॉलेजलाही नाही. तरी फ्लेक्सवर २०१ छापलं. मुलीने विचारलं, "सर, हे चालतं?" चालू नये, पण चालतं, एवढंच मला सांगता आलं.

क्रमांक येतो कुठून, हेही समजून घ्यायला हवं. एनआयआरएफ २०१५ मध्ये सुरू झालं, पहिली यादी २०१६ ची. शंभर गुणांची विभागणी पाच खात्यांत आहे. अध्यापन आणि साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थी बाहेर पडल्यावरच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. पदवी महाविद्यालयांसाठी हे वजन थोडं बदलतं, अध्यापनाला जास्त आणि संशोधनाला कमी. आता बार्शीच्या मुलीला चार वर्षांत वर्कशॉपमध्ये किती तास मिळतील, तिचे पेपर वेळेवर तपासले जातील का, तिला नोकरी मिळेल का, याच्याशी संशोधनाच्या ३० गुणांचा संबंध किती? थोडा आहे, संशोधन करणारा शिक्षक ताजा राहतो. पण तीस टक्के नाही. ती रांग संस्थांची तुलना करण्यासाठी लावलेली आहे. त्यात वाईट काही नाही, पण आपण ती आपल्या प्रश्नाचं उत्तर समजून वाचतो, आणि फसगत तिथे होते.

समावेशकतेच्या दहा गुणांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्यातला मोठा वाटा प्रादेशिक विविधतेचा आहे, आणि तो मोजतात तो परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कुणासाठी? आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या, ज्यांच्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती अशा मुलांसाठी. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि 'कमवा आणि शिका' म्हणत मुलं सकाळी कष्ट करून दुपारी वर्गात बसली. अशा परंपरेच्या कॉलेजात आज नव्वद टक्के मुलं त्याच जिल्ह्यातली असतील, तर प्रादेशिक विविधतेच्या रकान्यात त्याला जवळपास काहीच मिळणार नाही. ज्या संस्थेची फी इतकी आहे की ती भरायला देशभरातून मुलं गोळा करावी लागतात, तिला तिथे गुण मिळतात. समावेशकता या शब्दाचा हा अर्थ महाराष्ट्राने मान्य करायचं कारण नाही. घरातलं पहिलंच पदवीपर्यंत पोचलेलं मूल किती, हा रकाना त्या तक्त्यात असायला हवा होता.

शिवाय या रांगेत येणं ऐच्छिक आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात ४५ हजारांहून अधिक महाविद्यालयं आहेत, त्यांतली ४,६९२ महाराष्ट्रात. २०२४ च्या एनआयआरएफमध्ये सगळ्या प्रकारच्या मिळून साडेसहा हजारांच्या आसपास संस्थांनी भाग घेतला. यादीत नाव नाही म्हणजे कॉलेज वाईट, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माहितीही संस्थाच भरतात. याच मुद्द्यावर मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने यादी जाहीर करायला तात्पुरती स्थगिती दिली होती. संस्थांनी स्वतःच दिलेल्या आकड्यांची पडताळणी होत नाही, अशी तक्रार होती. पुढे तो अडथळा दूर झाला आणि यादी आली.

पुणे विद्यापीठाकडे परत येतो, कारण तिथे क्रमवारीने एक खरी गोष्ट सांगितली आणि आपण ती ऐकली नाही असं मला वाटतं. विद्यापीठांच्या यादीत २०२० मध्ये ते नववं होतं. मग ११, १२, १९, २३ आणि २०२५ मध्ये ५६. बातम्या आल्या, कुलगुरूंना प्रश्न विचारले गेले. पण सहा वर्षांत ग्रंथालयातली पुस्तकं कमी झाली नाहीत. कमी झाले ते शिक्षक. माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. एनआयआरएफमध्ये पंधरा विद्यार्थ्यांमागे एक नियमित शिक्षक असेल तर त्या रकान्यात पूर्ण गुण, आणि पन्नासांपलीकडे गेलं तर शून्य. जो शिक्षक नेमलाच नाही त्याचा शोधनिबंधही नाही, त्याच्या हाताखाली पीएचडी करणारा विद्यार्थीही नाही. एक जागा रिकामी राहिली की अध्यापनाचे गुण जातात, संशोधनाचे जातात, आणि नाव खाली आलं की प्रतिमेचेही जातात.

हीच गत राज्यभरच्या अनुदानित महाविद्यालयांची आहे. सहायक प्राध्यापकांची हजारो पदं रिकामी, आणि त्यांचं काम तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले, तरुण ओढतायत. माझे दोन विद्यार्थी असे आहेत. एक सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो, मध्ये एसटीत पोळीभाजी खातो. तो शिकवतो उत्तम. पण नियमित शिक्षकांच्या रकान्यात तो नाही. पदवी महाविद्यालयांच्या एनआयआरएफ यादीत दिल्ली, तमिळनाडू आणि केरळ यांची रांग लागलेली असते आणि महाराष्ट्राची नावं शोधावी लागतात, याची कारणं अनेक असतील, पण हे त्यातलं मोठं आहे. राज्य सरकार शिक्षक नेमत नाही आणि मग क्रमवारीत मागे पडल्याचा जाब कॉलेजांना विचारला जातो. जाब मंत्रालयाला विचारायला हवा. पालक संघटना रँकवर जेवढं बोलतात, त्याच्या निम्मं जरी भरतीवर बोलल्या असत्या तरी फरक पडला असता.

फ्लेक्सवरची तिसरी ओळ: ९० टक्के प्लेसमेंट. इथे मात्र एनआयआरएफने सामान्य माणसाच्या हाती फार चांगलं हत्यार दिलं आहे आणि ते कुणी वापरत नाही. भाग घेणाऱ्या संस्थेला तिने भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. मुखपृष्ठाच्या तळाशी 'एनआयआरएफ' अशी बारीक अक्षरांतली कळ असते. ती दाबली की पीडीएफ उघडते. त्यात एका ओळीत सगळं असतं: पहिल्या वर्षाच्या जागा किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले किती, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालेले किती, नोकरी लागलेले किती, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, पुढच्या शिक्षणाला गेलेले किती.

हिशेब कसा करायचा ते सांगतो. समजा, ११० मुलं पहिल्या वर्षाला आली, २० थेट दुसऱ्या वर्षाला, एकूण १३०. चार वर्षांत वेळेवर उत्तीर्ण झाली ७८. त्यातली ५८ मुलं, ज्यांचा एकही विषय कधी राहिला नाही, कॅम्पससाठी पात्र धरली. त्यांतल्या ५२ जणांना नोकरी लागली. फ्लेक्सवर छापतात ते ५८ पैकी ५२, म्हणजे जवळपास ९० टक्के. पण तुमचं मूल दारातून आत जातं ते १३० मधलं एक म्हणून, आणि १३० पैकी ५२ म्हणजे ४० टक्के. आकडा कुणी खोटा दिला नाही. छेद बदलला. छेदात काय आहे हे विचारायला शाळेत आपण पाचवीतच शिकतो.

पगाराचंही तसंच. पाच मुलांना वर्षाला अडीच, तीन, तीन, साडेतीन आणि अडतीस लाख मिळाले, तर सरासरी दहा लाख येते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, तीन लाख. फ्लेक्सवर अडतीस असतो, माहितीपत्रकात दहा असतो, एनआयआरएफच्या पीडीएफमध्ये तीन असतो. म्हणून मी पालकांना सांगतो, क्रमांकाचं पान बाजूला ठेवा आणि हे पान काढा. त्यात एक उणीव आहे, ती मोठी आहे: हा तक्ता चार वर्षांच्या पदवीचा एकत्र असतो, शाखेनुसार नसतो. कॉम्प्युटरच्या मुलांचे पगार मेकॅनिकलच्या मुलीला काय सांगणार? शाखेबद्दल कळायचं असेल तर एनबीएची मान्यता बघावी, कारण एनबीए शाखेला मान्यता देतं आणि नॅक अख्ख्या संस्थेला. 'नॅक आहे' म्हटल्यावर पालक समाधानाने मान डोलावतात. त्या शाखेला एनबीए आहे का, आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे विचारतच नाहीत.

नॅकच्या अक्षरांबद्दल थोडक्यात. बंगळुरूची ही संस्था १९९४ ची. चारपैकी गुण देते, ३.५१ किंवा त्याच्या वर गेलं की ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, आणि असंच खाली. दर्जा साधारण पाच वर्षांसाठी असतो. फ्लेक्सवर अक्षर असतं, साल नसतं. त्या कॉलेजची मुदत संपत आली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका पाहणी समितीतल्या लोकांना चांगला दर्जा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, तेव्हा या क्षेत्रातल्या आम्हा जुन्या लोकांना धक्का बसला, पण फार आश्चर्य वाटलं नाही. समिती यायच्या आधी कॉलेजात काय चालतं ते मी पाहिलं आहे. रात्री एक-एकपर्यंत फायली रंगवणारे शिक्षक, ज्यांचे त्या महिन्यातले तास कुणीच घेत नव्हतं. ते तास मुलांचे होते. आता अक्षरं जाऊन 'मान्यताप्राप्त' किंवा 'नाही' एवढंच ठेवायचं नॅकने जाहीर केलं आहे. निदान ए प्लस प्लसची शर्यत तरी थांबेल, म्हणून मला तो बदल पटतो.

आकड्यांचा खेळ आपल्याच देशात चालतो असं नाही. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ अमेरिकेतल्या प्रसिद्ध यू. एस. न्यूज क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होतं. २०२२ मध्ये तिथल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाने दिलेले वर्गसंख्येचे आणि शिक्षकांचे आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत असं जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी विद्यापीठ १८ व्या क्रमांकावर आलं. एका शिक्षकाने बसून बेरजा केल्या, एवढंच. आपल्याकडेही २०२० मध्ये आयआयटी मुंबईसह सात आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत भाग घ्यायचं नाकारलं, पद्धत पारदर्शक नाही म्हणून. मोठ्या संस्थांना हे परवडतं. लहान गावातल्या कॉलेजला एसटी स्टँडवर फ्लेक्स लावावा लागतो, कारण शेजारच्याने लावलेला असतो. मी त्या प्राचार्यांना दोष देत नाही. जागा रिकाम्या राहिल्या तर पगार कुठून द्यायचे, ही त्यांची चिंता खरी आहे.

म्हणूनच हे एकेका पालकाच्या हुशारीवर सोडून भागणार नाही. माझा आग्रह सीईटी कक्षाकडे आणि तंत्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. पसंतीक्रम भरताना पडद्यावर कॉलेजचं नाव आणि शाखेचा कोड दिसतो. त्याच ओळीत कॉलेजचा प्रकार, शुल्क प्राधिकरणाने ठरवलेली फी, त्या शाखेतले कायमस्वरूपी शिक्षक, प्रवेश घेतलेल्यांपैकी वेळेवर उत्तीर्ण झालेले आणि पगाराचा मध्यक, एवढं दिसायला हवं. यातली बहुतेक माहिती सरकारकडे कुठे ना कुठे जमा आहेच. नव्याने मागायची ती शाखानिहाय फोड. कॉलेज दरवर्षी ती एआयसीटीई, नॅक, एनआयआरएफ, विद्यापीठ, सगळ्यांना पुन्हापुन्हा भरून देतं. एकदा मुलांनाही द्यावी. आणि पट्ट्याचा आकडा क्रमांक म्हणून छापणं, अक्षरासोबत साल न छापणं, प्लेसमेंटचा छेद न सांगणं, या तिन्हींना बंदी घालायला कायदा बदलायची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल.

हे तातडीचं का, तर पसंतीक्रमाची किंमत आता वाढली आहे. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते पक्कं धरतात; दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी मिळालं तरी तेच. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं मिळालं तर 'बघू पुढच्या फेरीत' म्हणता यायचं. आता फ्लेक्स बघून वरच्या नंबरांवर टाकलेलं कॉलेज चार वर्षांसाठी गळ्यात पडतं.

त्या दिवशी आम्ही रात्री साडेदहापर्यंत बसलो होतो. फ्लेक्सवालं कॉलेज यादीत एक नंबरला होतं. मुलीने पीडीएफमधले आकडे वहीत उतरवले, भागाकार केला आणि ते कॉलेज सातव्या नंबरवर नेलं. एक नंबरला तिने एक जुनं शासकीय कॉलेज टाकलं, जिथे मिळण्याची आशा कमी होती. दोन नंबरला एक विनाअनुदानित, ज्याच्या मेकॅनिकलला एनबीए होतं आणि ज्याचं नाव तिच्या वडिलांनी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिथे फोन लावला आणि मेकॅनिकलला कायमचे शिक्षक किती आहेत असं विचारलं. पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटं थांबवून ठेवलं आणि आकडा सांगितला. अकरा. सातव्या नंबरवरच्या कॉलेजलाही तिने तोच प्रश्न विचारला. तिथून उत्तर आलं, "तुम्ही एकदा कॅम्पस बघायला या ना."

फॉर्म लॉक करताना वडील माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "सर, दुधाच्या प्रत्येक कॅनवर फॅट किती ते मला लिहून द्यावं लागतं. नाही लिहिलं तर डेअरी घेत नाही. यांना का नाही लिहावं लागत?"